तीन आठवड्यांची सुई

काही औषधांची नावे उच्चारण्यासाठीच खेड्यातील माणसाला पंधरवडा लागतो. 'ट्रास्टुझुमॅब' हे त्यांपैकी एक. आमच्या देऊळघाटात ते कोणाच्याही जिभेवर बसले नाही. दर एकवीस दिवसांनी शिरेतून द्यावयाचे, म्हणून प्रथम घरात, मग गल्लीत आणि पुढे साऱ्या भावकीत त्याला 'तीन आठवड्यांची सुई' असे नाव पडले. वहिनींच्या विचारपुशीला येणारी माणसे 'बिमारी कशी आहे' असे न विचारता 'कितवी सुई झाली' असे विचारीत. नाव सुटसुटीत होते आणि मायेचे होते. परंतु औषधाच्या बाबतीत सुटसुटीत नाव नेहमीच हिताचे ठरते असे नाही, ही गोष्ट त्या वर्षात आम्हांला हळूहळू उमगत गेली.

देऊळघाट हे बुलढाण्याजवळचे, पैनगंगेच्या उगमाकडचे जुने गाव. वऱ्हाडाचे पाईनघाट आणि बालाघाट असे दोन भाग पूर्वापार मानले जातात. त्यांतील बालाघाटाच्या, म्हणजे घाटावरच्या मुलखात ते येते. मुंबई गाठावयाची तर बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्यावरून मलकापूरला जावे आणि तेथे आगगाडी धरावी. आमच्या भागातील कर्करोगाचे किती रुग्ण या वाटेने परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात गेले असतील, त्याची गणती नाही. २०१२ पासून औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले आणि मार्ग काहीसा आखूड झाला. या भूगोलाचा एका औषधाशी काय संबंध, असे वाचकांच्या मनात येईल. तो पुढे आपोआप स्पष्ट होईल.

माझे थोरले बंधू शेती करतात. मी बुलढाण्यात शिक्षकी करून निवृत्त झालो. वहिनींच्या डाव्या स्तनात गाठ आढळली तेव्हा त्यांचे वय चोपन्न होते. एका मोठ्या शहरातील रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. गाठीच्या तपासणीचा अहवाल आला, त्यात 'हर-टू : दोन अधिक' असे लिहिलेले होते. दादांनी विचारले, "म्हणजे आहे की नाही?" डॉक्टर म्हणाले, "एक अधिक असते तर नाही म्हणालो असतो, तीन अधिक असते तर आहे म्हणालो असतो. दोन अधिक म्हणजे अजून एक तपासणी." ती 'फिश' नावाची तपासणी होऊन होकार येईपर्यंत दोन आठवडे गेले. घरच्यांना ते दोन आठवडे जाचक वाटले. आज विचार करता असे वाटते, की औषध निर्धोक ठेवण्याची पहिली पायरी तीच होती. ज्यांच्या गाठीला हे औषध लागू नाही, त्यांना ते देणे म्हणजे लाभाविना केवळ धोका पदरी घालणे होय.

हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरील एक प्रथिन आहे. वाढीचा निरोप आत पोहोचविणे हे त्याचे काम. स्तनाच्या कर्करोगाच्या साधारण पंधरा ते वीस टक्के रुग्णांत ते प्रमाणाबाहेर वाढलेले असते आणि पेशी अनावर वाढत सुटतात. अमेरिकेतील डॉ. डेनिस स्लेमन व त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली दाखवून दिले, की ज्या स्त्रियांच्या गाठींत या जनुकाच्या प्रती अधिक असतात त्यांचा आजार लवकर उलटतो. त्याआधी १९७५ साली कोहलर आणि मिलस्टीन या दोघा शास्त्रज्ञांनी एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तेवढे निर्माण करण्याची रीत शोधली होती. १९८४ चे नोबेल पारितोषिक त्यांना नील्स येर्ने यांच्यासमवेत मिळाले. या दोन धाग्यांतून हर-टूला नेमके जाऊन चिकटणारे प्रतिपिंड विणले गेले. २५ सप्टेंबर १९९८ रोजी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. नावाच्या शेवटचे 'मॅब' म्हणजे एकजातीय प्रतिपिंड, आणि मधला 'झु' म्हणजे उंदरात जन्मलेल्या मूळ प्रतिपिंडाला बहुतांशी मानवी रूप दिलेले. कठीण नावातही असा अर्थ दडलेला असतो.

भारतात सुरुवातीच्या वर्षांत याच्या एका कुपीची किंमत लाखाच्या घरात होती. २०१३ साली मूळ कंपनीने येथील पेटंटचा आग्रह सोडला. २०१४ च्या प्रारंभी बंगळूरच्या बायोकॉन कंपनीने त्याच जातीचे, ज्याला 'बायोसिमिलर' म्हणतात असे, औषध ४४० मि. ग्रॅ. च्या कुपीला ५७,५०० रुपये या किमतीस बाजारात आणले. नंतर इतर कंपन्या आल्या आणि भाव आणखी उतरले. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. जे औषध पूर्वी घाटाखालच्या महानगरांतच अडून राहिले असते, ते असे घाट चढून आमच्यापर्यंत आले. ही आनंदाची गोष्ट आहे आणि तिचे मोल मी कमी लेखणार नाही. परंतु औषध जितक्या वेगाने जवळ आले, तितक्या वेगाने त्याच्याबरोबरची देखरेख जवळ आली नाही.

नावाचेच उदाहरण घेऊ. पहिल्या काही डोसांनंतर गावाजवळच्या शहरातील एका लहान रुग्णालयात पुढील डोस द्यावेत, असे ठरले. एका विक्रेत्याकडे दूरध्वनीवरून औषध मागविण्यात आले. त्याने अंदाजपत्रक पाठविले. ते वाचताना तेथील परिचारिका थबकल्या. पहिला शब्द बरोबर होता. मात्र त्यापुढे 'एम्टान्सीन' असा दुसरा शब्द होता. त्यांनी मागणी तिथल्या तिथे थांबविली. ट्रास्टुझुमॅब एम्टान्सीन हे निराळे औषध आहे. त्यात त्याच प्रतिपिंडाला पेशीघातक द्रव्य जोडलेले असते. साध्या ट्रास्टुझुमॅबचा तीन आठवड्यांचा डोस वजनाच्या प्रत्येक किलोला ६ मि. ग्रॅ., तर या जोडऔषधाचा ३.६ मि. ग्रॅ. डेरुक्स्टेकान जोडलेले तिसरे औषध आहे, त्याचा स्तनाच्या कर्करोगातील डोस ५.४ मि. ग्रॅ. चौथा प्रकार त्वचेखाली टोचण्याचा. त्याला वजनाचा हिशेबच नाही, सर्वांना ठरीव ६०० मि. ग्रॅ. वहिनींचे वजन तेव्हा ५८ किलो होते. त्यांचा ३४८ मि. ग्रॅ. चा डोस चुकून एम्टान्सीनचा भरला गेला असता, तर त्या औषधाच्या योग्य मात्रेच्या दीडपटीहून अधिक विष अंगात गेले असते. हा घोटाळा होऊ शकतो हे जाणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली मान्यता देताना त्या नावामागे 'अ‍ॅडो' हे अक्षर जोडले. आमच्याकडे ते काम एका परिचारिकेच्या डोळ्यांनी केले. त्या दिवसापासून घरात 'तीन आठवड्यांची सुई' हे नाव कौतुकापुरते उरले. रुग्णालयात जाताना वहिनी पूर्ण नाव घोकून जात, आणि कुपीवरचे नाव मोठ्याने वाचून दाखविल्याशिवाय हात पुढे करीत नसत.

त्याच परिचारिकांच्या सांगण्यावरून मी एक वही घातली. प्रत्येक पानावर तारीख, त्या दिवशी काट्यावर घेतलेले वजन, औषधाचे पूर्ण नाव, कंपनीचे नाव, कुपीवरील बॅच क्रमांक, दिलेली मात्रा आणि किती वेळात दिली ते. 'बॅच क्रमांक कशाला?' असे दादांनी विचारले. बायोसिमिलर अनेक कंपन्यांचे असते. काही विपरीत घडले तर नेमके कोणते औषध होते हे सांगता यावे, हा त्यातील हेतू. औषधाचा विपरीत परिणाम कळविण्यासाठी आपल्या देशात २०१० पासून औषधदक्षता कार्यक्रम चालू आहे. त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे, आणि १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही तक्रार नोंदवू शकतो. ही गोष्ट सुशिक्षितांनाही फारशी ठाऊक नसते.

पहिला डोस मोठा असतो, किलोमागे ८ मि. ग्रॅ., आणि तो दीड तासात सलाईनमधून देतात. ग्लुकोजच्या द्रावणात तो मिसळत नाहीत. कुपी हलवून फेसाळू द्यायची नाही, गोठू द्यायची नाही. दोन ते आठ अंश तापमानातच ठेवायची. पहिल्या वेळी वहिनींना थंडी वाजून ताप भरला. दहांपैकी चारजणांना असे होते, हे आम्हांला आधीच सांगून ठेवलेले असल्याने घरची मंडळी घाबरली नाहीत. सलाईन थांबविले, औषध दिले, थंडी ओसरल्यावर सावकाश पुन्हा लावले आणि संध्याकाळपर्यंत त्यांना तेथेच ठेवून घेतले.

पुढील डोस ३४८ मि. ग्रॅ. चा, कुपी ४४० ची. दर खेपेस ९२ मि. ग्रॅ. उरे. कुपीसोबत येणाऱ्या परिरक्षकयुक्त पाण्यात ते मिसळले असेल तर शीतकपाटात अठ्ठावीस दिवस टिकते. साध्या निर्जंतुक पाण्यात मिसळले असेल तर टिकत नाही. एका दुकानदाराने सल्ला दिला, की उरलेली कुपी बर्फाच्या डब्यातून घरी न्या आणि पुढच्या वेळी घेऊन या; एवढे महाग औषध वाया कशाला घालवता? सल्ला काटकसरीचा होता, आणि काटकसर हा शेतकऱ्याच्या घरचा स्वभावच. डॉक्टरांनी मात्र साफ नकार दिला. देऊळघाटात दुपारी वीज गेली तर शीतकपाटाचे काय होईल, आणि बर्फाला टेकून कुपी गोठली तर ती कोण ओळखणार? उरलेले औषध वहिनींच्या नावाची व तारखेची चिठ्ठी लावून रुग्णालयाच्याच शीतकपाटात राहू लागले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. या औषधाने केस गळत नाहीत, उलट्या फारशा होत नाहीत. त्यामुळे ते निरुपद्रवी आहे असा समज सहज होतो. पण हर-टू हे प्रथिन हृदयाच्या स्नायूंतही थोड्या प्रमाणात असते आणि ताण सोसण्यास त्या पेशींना मदत करते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ४६९ स्त्रियांच्या अभ्यासात या औषधाने आयुष्य वाढते हे सिद्ध झाले. त्याच अभ्यासात दुसरी एक गोष्ट समोर आली. 'अँथ्रासायक्लिन' गटाच्या जुन्या औषधाच्या जोडीने ज्यांना ट्रास्टुझुमॅब दिले, त्यांच्यापैकी २७ टक्के स्त्रियांच्या हृदयाचे कार्य बिघडले. केवळ जुने औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. पॅक्लिटॅक्सेलच्या जोडीने १३ टक्के, तर केवळ पॅक्लिटॅक्सेलने १ टक्का. या आकड्यांपासून वैद्यकाने धडा घेतला. दोन्ही औषधे एकाच वेळी देणे सोडून एकामागून एक देण्याचा प्रघात पडला, आणि हृदयाची तपासणी उपचाराचा भाग झाली. २००५ साली आजाराच्या प्रारंभिक अवस्थेतील स्त्रियांवरील मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष आले. आजार उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. तशा एका अभ्यासात इतकी देखरेख ठेवूनही तीन वर्षांत गंभीर हृदयविकाराचे प्रमाण ४.१ टक्के होते. हे औषध न घेणाऱ्यांत ते ०.८ टक्के होते.

वहिनींना आधी ते जुने लाल रंगाचे औषध चार वेळा दिलेले होते. म्हणून उपचाराच्या आरंभी आणि नंतर दर तीन महिन्यांनी टू-डी इको करावा, असे चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहिले होते. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातील रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यासरशी बाहेर फेकले जाते, ते या तपासणीत मोजतात. आरंभी हा आकडा ६४ होता, तीन महिन्यांनी ५८. सहाव्या महिन्याचा इको प्रवास वाचावा म्हणून जवळच्या एका केंद्रात केला. अहवालावर 'सामान्य' एवढाच शब्द होता, आकडा नव्हता. डॉक्टरांनी तो अहवाल बाजूला ठेवला. "मला शब्द नको, संख्या हवी, आणि शक्यतो त्याच यंत्रावरची, त्याच हाताची," असे ते म्हणाले. पुन्हा तपासणी झाली. आकडा ४७ आला.

मग डॉक्टरांनी वहिनींना शांतपणे विचारले, "रात्री किती उशा घेता?" वहिनी खाली पाहत म्हणाल्या, "दोन. महिना झाला." पायांवर संध्याकाळी सूज येत होती, विहिरीपासून घरापर्यंत येताना मध्ये बसावे लागत होते. हे त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते. सांगितले तर सुई बंद करतील, ही भीती.

नियम स्पष्ट आहे. मूळ आकड्यापेक्षा १६ किंवा अधिक अंकांनी घट झाली, अथवा आकडा सामान्य मर्यादेखाली जाऊन घट १० अंकांची असली, तर औषध किमान चार आठवडे थांबवावे आणि पुन्हा मोजावे. येथे घट १७ ची होती. डॉक्टरांनी औषध थांबविले आणि हृदयासाठी गोळ्या सुरू केल्या.

त्या रात्री घरात चूल पेटली, पण जेवण कोणाला गेले नाही. दादांचा संताप मी समजू शकत होतो. सोयाबीनचे पैसे या औषधात गेले होते. आता अर्ध्या वाटेवर ते बंद. कोणीतरी दुसऱ्या गावच्या एका दवाखान्याचा पत्ता आणला. तेथे इकोची कटकट नव्हती, औषध आणा आणि टोचून घ्या, एवढेच. दादा तयार झाले होते. मी त्यांना वही दाखविली. ६४, ५८, ४७ हे तीन आकडे एकाखाली एक होते. मी म्हणालो, "दादा, कर्करोगापासून वाचवायला निघालो आणि हृदयाने दगा दिला, तर कोणाला काय सांगणार?" दादा गप्प राहिले. निर्णय शेवटी वहिनींनीच दिला. "भाऊजी, बैल दमला म्हणजे जू उतरवतातच ना? वावर कुठं पळून जातं?"

डॉक्टरांनी धीर दिला होता. जुन्या लाल औषधाने झालेली हानी बहुधा भरून निघत नाही. परंतु ट्रास्टुझुमॅबने आलेला अशक्तपणा औषध थांबविल्यावर पुष्कळदा ओसरतो. त्यांनी इंग्लंडमधील एका अभ्यासाचाही उल्लेख केला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चार हजारांहून अधिक स्त्रियांना सहा महिने किंवा बारा महिने हे औषध देण्यात आले. चार वर्षांनंतर दोन्ही गटांचे निष्कर्ष जवळजवळ सारखे होते, आणि हृदयाच्या त्रासामुळे औषध सोडावे लागण्याचे प्रमाण सहा महिन्यांच्या गटात ३ टक्के, तर बारा महिन्यांच्या गटात ८ टक्के होते. सर्वच अभ्यासांनी असा कौल दिलेला नाही, म्हणून वर्षभराचा उपचार हाच रिवाज आजही आहे. तथापि थोडे थांबणे म्हणजे सर्वस्व गमावणे नव्हे, एवढा आधार त्यातून मिळाला.

चार आठवड्यांनी आकडा ५१ झाला, सात आठवड्यांनी ५५. औषध पुन्हा सुरू करावयाचे ठरले, तेव्हा वहीचा उपयोग दुसऱ्यांदा झाला. ठरलेल्या दिवसानंतर एका आठवड्याच्या आत डोस दिला तर नेहमीचीच मात्रा चालते. पोळ्याच्या वेळी आम्हांला पाच दिवस उशीर झाला होता, तेव्हा तसेच केले होते. उशीर त्याहून अधिक असेल तर पुन्हा पहिल्यासारखा मोठा डोस द्यावा लागतो. आणि मधल्या काळात वहिनींचे वजन ५८ वरून ५२ किलोवर आले होते. जुन्या कागदावरून हिशेब केला असता तर ४६४ मि. ग्रॅ. झाले असते, नव्या वजनाने ४१६ झाले. नुकत्याच सावरलेल्या हृदयाला तो फरक देण्याचे कारण नव्हते.

उरलेले डोस पुरे झाले. आकडा ५५ च्या आसपास राहिला. उपचार संपल्यावरही दोन वर्षे दर सहा महिन्यांनी इको करण्यास सांगितले आहे. एकदा दादांनी कुरकूर केली, की सुईच नाही तर तपासणी कशाला? वहिनींनीच त्यांना गप्प केले. आता त्या एका उशीवर झोपतात आणि हरभऱ्याच्या सोंगणीला नको म्हटले तरी वावरात जातात.

आमच्याकडे पेरणीनंतर शेत उभे राहते ते राखणीमुळे. माळ्यावर बसून रात्र जागविणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही, पण तो नसला तर कणीस हाती लागत नाही. या औषधाचे तसेच आहे. चिठ्ठी लिहिणे ही पेरणी झाली. चिठ्ठीवर पूर्ण नाव आहे ना, आजचे वजन आहे ना, पुढच्या इकोची तारीख आहे ना, अहवालात शब्दाऐवजी आकडा आहे ना, आणि दम लागला किंवा पाय सुजले तर ते न लपविता सांगावयाचे आहे हे रुग्णाला कोणी समजावले आहे ना, ही राखण. ती डॉक्टरांची आहे, परिचारिकांची आहे आणि घरातील लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाचीही आहे. शाळेत जाणारी मुलगी प्रत्येक घरात असते. वही तिच्या हाती दिली तरी चालेल. उरलेले काम शासनाचे. औषध घाट चढून आले, तसे नीट आकडा देणारे इको यंत्र आणि ते हाताळणारा माणूस तालुक्याच्या रुग्णालयात असावा. म्हणजे पायांवरची सूज सांगण्यासाठी कोणा वहिनींना दोन बसगाड्या बदलाव्या लागणार नाहीत.